तीन दात मागे राहिले

१

मंगळवारी सकाळी दहा वाजता कलासंग्रहालयाच्या कोठारात सत्तावीस नंबरची पेटी उघडली, तेव्हा आत दात तीनच होते.

असायला हवे होते वीस. पांढऱ्या प्लास्टरची हातभर लांब लादी, तिच्यात चार ओळींत वीस खळगे, आणि प्रत्येक खळग्यात एका लहान मुलीचा एकेक दुधाचा दात, अशी ती कलाकृती. नावही 'वीस'च. आता सतरा खळगे तोंड वासून बघत होते.

"मामा, तुम्ही ही पेटी कधी उघडली होती?" नोंदबाईंनी विचारलं.

"मी कशाला उघडू? मला काय दातांचं?" कोठार सांभाळणारे मामा हसायला गेले, पण हसू ओठांपर्यंत येऊन परत फिरलं.

नोंदबाई म्हणजे संग्रहालयात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची तब्येत लिहून ठेवणारी बाई. कुठे चरा आहे, कुठे डाग, कुठे तडा, कुठे रंगाचा पोपडा. वस्तू आत येताना एक कार्ड, बाहेर जाताना दुसरं. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे माणूस समोर आला तरी त्यांच्या मनात कार्ड भरलं जायचं. मामा: जुनं लाकूड, भक्कम, कडा झिजलेल्या. आज मात्र आतून पोकळ आवाज येतोय.

निरोप मिळताच संचालक आले. संचालक: चकचकीत लेप, खालचा थर कुणी पाहिलेला नाही. त्यांनी लादी पाहिली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"शनिवारी उद्घाटन आहे, बाई! अक्कांची पन्नास वर्षांची कारकीर्द! आणि वीसच्या वीस दात गेले?"

"सतरा," नोंदबाई म्हणाल्या.

"तेच ते."

तेच ते नव्हतं. पण संचालकांना आकड्यांचा कंटाळा होता, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत 'वीसही दात गेले' अशी बातमी पसरली ती त्यांच्यामुळेच.

अक्का कोण, हे त्या शहरात कुणाला सांगावं लागत नसे. सुरुवात त्यांनी जलरंगातल्या फुलांनी केली. फुलं सुंदर होती आणि ती कुणी पाहत नव्हतं. मग मुलगी झाली, आणि हात मोकळे मिळेनात. तेव्हा हातात जे होतं त्याचंच त्यांनी काम केलं, आणि हातात मुलगी होती. तिथून पुढे प्लास्टर, धागा, ध्वनी, चलच्चित्र, ठसे. समीक्षकांनी त्यांना कुठल्या कप्प्यात घालावं हे ठरवेपर्यंत अक्का पुढच्या कप्प्यात गेलेल्या असत.

नोंदबाई लादीवर वाकल्या. उरलेले तीन दात एका ओळीत नव्हते. पाचवा, अकरावा, अठरावा. घाईत राहून गेले म्हणावं, तर बाकी सतरा खळग्यांच्या कडेला साधा टवकाही नव्हता.

"सर," त्या म्हणाल्या, "बाकीच्या पेट्याही उघडायला लागतील."

२

दुपारपर्यंत एकसष्ट पेट्या उघडून झाल्या. अठ्ठावन्न जशाच्या तशा होत्या. घायाळ झालेल्या तीन.

दुसरी म्हणजे विणलेला पट्टा. सुती धाग्यांच्या जोडीने अक्कांनी त्यात मुलीचे केस विणले होते. पहिल्या जावळापासून दहाव्या वर्षीच्या वेणीपर्यंत नऊ ओळी. पट्टा जागच्या जागी होता, सुती वीण ताठ होती. केस तेवढे गेले होते. अस्तराच्या आत कुठेतरी केसांच्या ओळींची गाठ होती. ती सोडल्यावर ओळ सरसर निघते, पण ती गाठ कुठे आहे हे नोंदबाईंच्या कार्डावरही नव्हतं.

तिसरं होतं एक रीळ. 'दार' नावाचं ध्वनिकाम. अकरा मिनिटांच्या फितीवर अक्का काम करतानाचे आवाज: हातोडी, पाणी, खुर्ची सरकल्याची कुरकुर. आणि मध्येच बंद दाराबाहेरून चार वर्षांच्या मुलीचा आवाज. "आई, दार उघड. आई, दार उघड ना." चाळीस सेकंद. त्या दिवशी अक्कांनी दार उघडलं नव्हतं. त्यांनी ध्वनिग्राहक उचलून दाराकडे वळवला होता. या चाळीस सेकंदांनी त्यांना देशोदेशी नेलं. शिवाय कामाची अट अशी की याची नक्कल कधीच करायची नाही. मूळ फीतच वाजवायची, वाजून वाजून झिजू द्यायची.

फीत यंत्रावर चढवली. हातोडी, पाणी, खुर्ची. मग परत हातोडी.

"आवाज कुठे गेला?" संचालकांनी विचारलं. त्यांचाच आवाज कुठेतरी गेला होता.

नोंदबाईंनी फीत हाताने मागे घेतली. जुने जोड सहा होते. अक्का फीत कात्रीने कापायच्या, त्यामुळे सहाही जोड एकाच बाजूला तिरके झुकलेले. सातवा नवा होता. तितकाच नेटका, पण विरुद्ध बाजूला झुकलेला.

"दात, केस, आवाज," नोंदबाई म्हणाल्या. "तिन्ही एकाच पोरीचे."

"म्हणजे लेकीनेच केलंय! अकरा वर्षं आईचं तोंड पाहिलं नाही तिने."

"कोठारात ती आली कशी?"

संचालकांनी सावकाश मान वळवली. मामा दाराशी उभे होते, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"किल्ली एकाकडेच असते," संचालक म्हणाले. "गुरुवारी दुपारी मी पोलिसांना बोलावतोय. तोपर्यंत दुसरं नाव मिळालं तर ठीक. नाहीतर मामा आहेतच."

३

"निवृत्तीला सात महिने राहिलेत माझे," मामा म्हणाले. ते कोठारातल्या स्टुलावर बसले होते आणि नोंदबाईंकडे बघत नव्हते. "एकतीस वर्षं इथला साधा खिळाही घरी नेला नाही. आता बायकोला काय सांगू, दात चोरले म्हणून?"

"मामा, सोमवारी सुट्टी होती. कोण आलं होतं?"

"वहीत आहे की."

वहीत मामांच्या मोठ्या, गोल अक्षरात होतं: अक्का, व सोबत एक. आत अकरा, बाहेर साडेबारा.

"सोबत कोण?"

"चाकाची खुर्ची ढकलायला बाई होती कुणीतरी. तोंडाला रुमाल, डोक्याला रुमाल. धुळीचं वावडं म्हणाली. आपण खुर्चीतल्या माणसाकडे बघतो, ढकलणाऱ्याकडे कोण बघतं?"

"आणि तुम्ही तिथेच होतात? नियम आहे, मामा, बाहेरच्यांना एकटं सोडायचं नाही."

मामांनी किल्ल्या एकेक करून मोजल्या. सगळ्या मोजून झाल्यावर म्हणाले, "होतो."

नोंदबाईंनी मनातल्या कार्डावर तडा नोंदवला आणि विषय सोडला. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की ऐकणाऱ्यालाच चोरट्यासारखं होतं.

साचेवाला गाठला तो त्याच्या कारखान्यात. तीस वर्षं अक्कांचं सगळं ओतकाम यानेच केलेलं. पांढऱ्या पुडीत न्हालेला, भुवयांसकट.

"या, या. माझ्यावर संशय ना? असू द्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या कामांच्या संदर्भात कुणाला मी आठवलो."

"लादी तुम्ही ओतलीत?"

"लादी माझी, खळगे माझे. माहितीपत्रकात नाव कुणाचं? जाऊ द्या." त्याने हात झटकले आणि दोघांच्यामध्ये एक ढग उठला. "दात त्यांनी स्वतः बसवले, घरी, दार लावून. मागून मेण भरायचं ही युक्ती मात्र माझी. गरम सुरी लावली की दात पुढे अलगद येतो."

"मग काढणंही तुम्हाला सोपं."

"सोपंच. पण मी काढले असते तर सगळे वीस काढले असते आणि वर माझं नाव कोरून ठेवलं असतं." तो हसला. मग एकदम गंभीर झाला. "एक सांगू? त्या बाईने कामात खोटं कधी घातलं नाही. मी म्हणायचो, एखादा दात कमी पडला तर प्लास्टरचा करून देतो, कुणाला कळतंय. अशा अंगावर आल्या माझ्या! म्हणाल्या, खोटं घातलं तर उरलं काय?"

त्याने 'सगळे वीस' म्हटलं ते संचालकांच्या बातमीवरून. तीन मागे राहिलेत हे त्याला माहीत नव्हतं. नोंदबाईंनी सांगितलंही नाही.

४

लेकीचं चष्म्याचं दुकान एका उताराच्या रस्त्यावर होतं. अरुंद, पण काचेसारखं स्वच्छ. ती एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी बसवत होती. डाव्या हातात सुईएवढा पेचकस, श्वास रोखलेला. गिऱ्हाईक गेल्यावरच तिने मान वर केली.

"दातांसाठी आलात."

"तुम्हाला वाईट वाटलं का, गेले म्हणून?"

"माझे दात मी सात वर्षांची असल्यापासून जातायत, बाई. आता नवीन काय?"

नोंदबाईंना हसू आलं. लेक हसली नाही.

"तुम्ही कुणाची मुलगी म्हणून ओळखल्या जाता?" तिने विचारलं. "वडिलांची, आईची, नाहीतर गल्लीची. मला शाळेत विचारायचे, तूच का ती दातवाली? लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी आधी प्रदर्शनात जाऊन माझे केस पाहिले आणि मग मला पाहिलं. म्हणाल्या, लहानपणी बरे दाट होते गं. आणि ते रडणं. लोक रांगेत उभे राहून कानाला यंत्र लावून ऐकायचे. डोळे मिटून! मी एकदा रांगेत उभी राहिले होते. माझ्यापुढचा माणूस ऐकून बाहेर आला, डोळे पुसत मला म्हणाला, फार सुंदर आहे, चुकवू नका."

"म्हणून तुम्ही आईशी बोलत नाही?"

"ती दाराच्या आत असायची, मी बाहेर. आता उलट. एवढंच."

"शेवटचं कधी भेटलात?"

"अकरा वर्षं झाली." ती काच पुसू लागली. काच आधीच स्वच्छ होती.

नोंदबाई संग्रहालयात परत आल्या आणि लादी उलटी करून भिंगाखाली धरली. जे करायला हवं होतं ते त्यांना आत्ता सुचलं होतं. सतरा खळग्यांमागचं मेण वितळून ओघळलं होतं. तिघांमागचं मेण मात्र जुनं, पिवळं, धूळ धरलेलं. सुरी तिथे टेकलीसुद्धा नव्हती.

मग त्यांनी भिंग त्या तीन दातांवर आणलं, आणि त्यांची कानशिलं तापली. पाचवा, अकरावा, अठरावा. तिन्ही दात प्लास्टरचे होते. रंगवलेले, घासलेले, लाखात एक. आणि कार्डावर स्वतः नोंदबाईंच्या सहीनिशी सव्वीस वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं: वीस नैसर्गिक दात, सुस्थितीत.

५

अक्कांच्या घरात भिंती रिकाम्या होत्या. सगळं संग्रहालयात आलं होतं. अक्का खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी कप उचलला आणि निम्मा चहा बशीत, उरलेला पदरावर गेला. हात सतत थरथरत होते, जणू दोन्ही हातांना वेगवेगळ्या गोष्टींची घाई होती.

"बघू नकोस तसं. लिहून टाक कार्डावर," अक्का म्हणाल्या.

या हातांनी सुरी धरली नव्हती. केसांची गाठ सोडली नव्हती. फीत कापली नव्हती. नोंदबाईंनी मनातल्या मनात तेही लिहिलं.

"अक्का, दात किती होते?"

"वीस."

"खरे किती?"

थरथरणारे हात क्षणभर थांबल्यासारखे वाटले. मग अक्का हसल्या. आवाज न करता, खांदे हलवत.

"पकडलंस. सव्वीस वर्षं लागली तुला. एक तिने भाकरीबरोबर गिळला. एक शाळेत पडला. आणि एक तिने मला देण्यापेक्षा गटारात टाकला, माझ्या डोळ्यांदेखत. मी तीन दिवस बोलले नाही तिच्याशी. आठ वर्षांच्या पोरीशी! मग रात्रभर बसून तीन दात केले आणि कुणाला सांगितलं नाही. साचेवाल्यालाही नाही. तिलाही कुठला कुठे बसवलाय ते माहीत नव्हतं."

"ही तीन कामं प्रदर्शनात नको होती तुम्हाला?"

"मी लिहिलं होतं संचालकाला. तीन पत्रं. तो स्वतः आला, इथे बसला. म्हणाला, अक्का, पाठीचा कणा काढून माणूस उभा राहील का? आणि कामं आता संग्रहालयाची आहेत. विकताना मीच सह्या केल्यात."

"संचालक या पत्रांबद्दल काही बोलले नाहीत."

"मग तो तरी काय करणार? माझी कारकीर्द आहे, मलाच आवरत नाही."

नोंदबाई उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "अक्का, उद्या दुपारी मामांना पोलीस नेतील."

"तू शोधायला हुशार आहेस गं," अक्का म्हणाल्या. "शोधलेलं कुणाच्या हातात पडतं, ते तुझ्या हातात नाही."

६

गुरुवारी दुपारी बारा वाजता सगळे मोठ्या दालनात जमले. मामा, साचेवाला, लेक, खुर्चीत अक्का, आणि मधोमध घड्याळ बघणारे संचालक. पोलीस एक वाजता येणार होते. नोंदबाईंच्या हातात चार पानी अहवाल होता. रात्री त्यांनी तो तीनदा फाडायला घेतला होता. पण मामांच्या बायकोचा चेहरा त्यांना माहीत होता.

"सतरा दात गेले, तीन राहिले," त्यांनी सुरुवात केली. "राहिलेले तिन्ही प्लास्टरचे आहेत. काढून बघून परत बसवले असते तर मागचं मेण वितळलं असतं. ते शाबूत आहे. म्हणजे काढणाऱ्याला हात लावण्याआधीच माहीत होतं, कुठले तीन खोटे. हे साचेवाल्यांना माहीत नाही. मामांना नाही, मला नाही, लेकीलाही नाही. फक्त अक्कांना."

संचालकांचं तोंड उघडलं.

"पट्ट्यातली गाठ अस्तरात कुठे आहे, तेही विणणारीलाच माहीत. पण अक्कांच्या हातात कप टिकत नाही. तेव्हा डोकं अक्कांचं, हात दुसऱ्याचे. बारीक कामाला सरावलेले. फितीवरचे जुने सहा जोड एका बाजूला तिरके आहेत, सातवा उलटा. कात्री डाव्या हातात असली की कापही उलटा झुकतो." त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही. "साचेवाले उजव्या हाताने काम करतात, मामाही. सोमवारी खुर्ची ढकलत एक बाई आली होती, तोंडाला रुमाल बांधून. मामा, आता तरी सांगा. तुम्ही तिथे होतात?"

मामांचे डोळे भरले. "अक्का म्हणाल्या, माझ्या पोरांना एकटीला भेटू दे. त्या चित्रांनाच पोरं म्हणतात ना. मी बाहेर जाऊन बसलो, दीड तास."

मग लेक पुढे आली आणि पर्समधून चष्म्याची एक डबी काढून तिने नोंदबाईंच्या हातात ठेवली.

"सतरा आहेत. मोजून घ्या. केस आणि फीत पर्समध्ये आहेत. तिनेच फोन केला होता मला. म्हणाली, तुझं तुला परत देते, खुर्ची ढकलायला ये. मी तिला माफबिफ केलेलं नाही. मी माझ्या वस्तू न्यायला आले होते."

"एकेक दात काढताना हिने विचारलं, हा कुठला? मी सांगत गेले," अक्का म्हणाल्या. "दीड तास आम्ही बोललो. एवढं कधीच बोललो नव्हतो."

नोंदबाईंना वाटलं, आता पोलीस येतील, किंवा संचालक ओरडतील. संचालक ओरडले नाहीत. ते लादीपाशी गेले, रिकाम्या खळग्यांवरून बोट फिरवत राहिले, आणि वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. खालचा थर अखेर दिसला. तो लबाड नव्हता, भाविक होता. तेच वाईट झालं.

"अक्का," ते हलक्या आवाजात म्हणाले, "एकच सांगा. हे काम आहे ना? कलावंताने स्वतःचं काम पुढे नेलं, तर ती चोरी होत नाही. मग मामा सुटले, ही सुटली, पोलीस दारातून परत जातील. कारकिर्दीचा शेवट आईने लेकीला तिचं सगळं परत देऊन केला! यापेक्षा मोठं काम तुम्ही केलेलं नाही."

अक्कांनी लेकीकडे पाहिलं. लेकीचा चेहरा कागदासारखा कोरा होता.

"नाही," अक्का म्हणाल्या. "हे काम नाही. ही चोरी आहे. मी केली."

"वा," संचालक पुटपुटले. त्यांनी खिशातून पेन काढलं. "परत म्हणा. हळू."

"अरे, मी नाही म्हणतेय!"

"हो, हो, तेच. भिंतीवर येईल, मोठ्या अक्षरात. दात, केस, फीत तुमची तुम्हाला घेऊन जा, ताई. मला रिकाम्या जागाच हव्यात."

"म्हणजे मी परत यात आले," लेक म्हणाली.

"तुमचं नाव कुठेही नसेल."

"मग काय असेल?"

"मुलगी. तेवढं पुरतं."

"सर, त्या नाही म्हणाल्यात," नोंदबाई मध्ये पडल्या. "सगळ्यांसमोर. माझा अहवाल..."

"अहवाल द्या इकडे." संचालकांनी तो दोन्ही हातांनी घेतला, एखादी नाजूक वस्तू घ्यावी तसा. "चारही पानं काचेखाली लावू. तुम्ही नसतात तर हे कळलं तरी असतं का कुणाला?"

"आणि आम्ही तयार नसलो तर?" लेकीने विचारलं.

संचालकांनी अगदी सौम्यपणे घड्याळाकडे पाहिलं. एक वाजायला दहा मिनिटं होती. त्यांनी मामांकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच मामांकडे पाहिलं, आणि मामा खाली बघू लागले.

लेकीने नोंदबाईंच्या हातातली डबी घेऊन पर्समध्ये टाकली. "लावा," ती म्हणाली.

७

शनिवारी अकराला दालन गच्च भरलं. फुलांची चित्रं ओलांडून लोक थेट आतल्या भिंतीशी जात होते. तिथे सतरा रिकाम्या खळग्यांची लादी होती, केस नसलेला पट्टा होता, आणि कानाला यंत्र लावून लोक हातोडीनंतरच्या त्या जागेची वाट बघत होते जिथे आता काहीच नव्हतं. जागा आली की डोळे मिटत होते. नोंदबाईंच्या अहवालापुढे सर्वांत जास्त गर्दी होती. साचेवाला एका कोपऱ्यात उभा राहून लोकांना सांगत होता की मेणाची युक्ती त्याची. लोक माना डोलवून पुढे सरकत होते. मामा नव्या गणवेशात दाराशी होते.

भिंतीवर हातभर उंचीची काळी, चिकटपट्टीची अक्षरं होती. हे काम नाही. ही चोरी आहे. मी केली.

अक्कांनी स्वतःच चाकं ढकलत खुर्ची भिंतीशी नेली. त्या तिथे थोडा वेळ बसल्या. मग त्यांनी हात वर केला आणि नखाने पहिल्या अक्षराची कड खरवडायला लागल्या.

हात थरथरत होता. नख घसरत होतं. कड सुटत नव्हती. जवळचे लोक दोन पावलं मागे झाले. कुणीतरी 'श्श' केलं. एकेक करत सगळं दालन शांत झालं आणि नखाचा खरखर आवाज तेवढा राहिला. मामा धावत पुढे आले, तर संचालकांनी त्यांना हाताने अडवलं. पहिली टाळी कुणी वाजवली ते कळलं नाही. मग सगळ्यांनीच वाजवली.

"थांबा!" नोंदबाई गर्दीतून वाट काढत ओरडल्या. "टाळ्या काय वाजवताय? त्यांना ती खरंच काढायची आहेत!"

"हो, हो, लक्षात आलं," शेजारचे एक गृहस्थ आदराने म्हणाले, आणि त्यांना पुढे यायला जागा करून दिली. टाळ्या नोंदबाईंसाठीही वाजल्या. त्या जिथल्या तिथे थिजल्या. आता हात उचलला तरी तो कलाकृतीतच मोजला जाणार होता, आणि खाली ठेवला तरी.

लेक कुठून आली ते दिसलं नाही. ती खुर्चीपाशी गुडघ्यावर बसली आणि तिने आईचा हात भिंतीवरून काढून आपल्या हातात धरला. नखातून रक्त आलं होतं.

"आई, चल."

"एक तरी अक्षर निघू दे गं."

"नाही निघायचं, आई. चल घरी."

तिने खुर्ची वळवली. लोकांनी दोन्ही बाजूंना सरून वाट दिली. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं, कित्येकांनी फोन उंच धरले होते. खुर्ची दाराकडे सरकू लागली तशा टाळ्या वाढत गेल्या. ज्यांना मागून काहीच दिसलं नव्हतं, तेही वाजवत होते.